मुलगा ७४ टक्के मिळवून मशिनिस्ट व्हायचं म्हणतोय, पाठवू का?

एका ताईंनी विचारलंय. मुलाला दहावीला ७४ टक्के पडलेत, गणितात बरा आहे, आणि त्याला आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड, म्हणजे मशीनवर धातू कापून पार्ट मापात आणायचं काम, शिकायचंय. आजोबा आणि मामा म्हणतात, एवढे मार्क असताना आयटीआय कशाला, अकरावी सायन्स घे आणि इंजिनियर हो. मार्क वाया जातील का, पगार किती मिळेल, पुढे शिकावंसं वाटलं तर रस्ता बंद होईल का आणि घराजवळच्या खासगी आयटीआयला घालू का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, माझं सगळं कामाचं आयुष्य पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांना लागणारे साचे (डाय-मोल्ड) बनवतात तिथे, गेलं. आधी आयटीआय, मग अप्रेंटिस (कंपनीतली शिकाऊ उमेदवारी), मग कंपनीतली नोकरी आणि आता स्वतःचं छोटं वर्कशॉप. त्यावरून सांगतो: मुलाला खरंच मशीनचं वेड असेल तर पाठवा. पण घरात सगळ्यांनी बसून एक गोष्ट आधी कबूल करा. पहिली पाच वर्षं, म्हणजे आयटीआयची दोन, अप्रेंटिसचं एक आणि त्यानंतरची दोन, त्याची जागा पगार बघून ठरवायची नाही. तिथे त्याला काय शिकायला मिळतं, फक्त तेवढं बघायचं. ज्या मुलांना हे करता आलं ती पस्तिशीत चांगल्या जागी आहेत. ज्यांना दोन हजार जास्त मिळतात म्हणून तिसऱ्याच महिन्यात दुसऱ्या गेटवर जावं लागलं, ती मुलं पंधरा वर्षांनीही मशीनचं दार उघडून जॉब (कापायचा तुकडा) आत लावतात आणि हिरवं बटण दाबतात. सर्टिफिकेट दोघांकडे एकच आहे.

आता मार्कांचं. मशिनिस्ट ट्रेडला दहावीत गणित आणि विज्ञान असावं लागतं, आणि ते उगाच नाही. एक साधं काम सांगतो. मिलिंग मशीनवर ३६ दात्यांचा गिअर कापायचाय. जॉब ज्या इंडेक्सिंग हेडवर बांधतात त्याचं हँडल ४० वेळा फिरवलं की जॉब एकदा पूर्ण फिरतो. म्हणजे एका दात्यावरून पुढच्या दात्यावर जायला हँडल ४० भागिले ३६ इतकं फिरवायचं, एक पूर्ण फेरा आणि वर एक नवमांश. हा नवमांश अंदाजाने येत नाही. त्यासाठी भोकांची प्लेट असते. २७ भोकांचं वर्तुळ निवडायचं आणि एक फेरा झाल्यावर तीन भोकं पुढे जाऊन पिन टाकायची. असं ३६ वेळा करायचं. एकदा जरी भोक मोजताना चूक झाली तरी शेवटचा दाता जाड किंवा बारीक येतो आणि सबंध गिअर भंगारात जातो. अपूर्णांकांची ज्याला भीती आहे त्या मुलाला हे काम जड जातं. तुमचा मुलगा गणितात बरा आहे म्हणता, तर ते गणित इथे रोज वापरात येईल.

आणखी एक दाखवतो, कारण आजोबांना वाटतं की हे नुसतं हाताचं काम आहे. समजा २५ मिलिमीटरचा शाफ्ट आहे आणि ड्रॉइंगवर जी६ फिट लिहिलंय. याचा अर्थ शाफ्टची जाडी २४.९८० ते २४.९९३ मिलिमीटरच्या दरम्यान हवी. एकूण सूट १३ मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले तेरा भाग. आता जॉब मशीनवरून नुकताच उतरलाय, हाताला गरम लागतोय, खोलीच्या तापमानापेक्षा समजा तीस अंशांनी जास्त. स्टील तापलं की फुगतं. २५ मिलिमीटरच्या शाफ्टला एवढ्या तापमानात साधारण आठ-नऊ मायक्रॉनचा फरक पडतो. नवखा मुलगा घाईने मायक्रोमीटर लावतो, माप २४.९८५ येतं, खूश होऊन जॉब बाजूला ठेवतो. तासाभराने तोच जॉब थंड झाल्यावर क्वालिटीवाला मोजतो तर २४.९७६. रिजेक्ट. मुरलेला कारागीर जॉब निवू देतो, मास्टर पीस (पक्क्या मापाचा तुकडा) घेऊन मायक्रोमीटर तपासतो, मग मोजतो. हे पुस्तकात असतं, पण अंगवळणी पडतं ते कुणीतरी शेजारी उभं राहून चार वेळा हटकल्यावरच. म्हणून मी पाच वर्षांचा आग्रह धरतो.

आयटीआय म्हणजे नापासांची जागा हा समज का झाला, तेही कळतं. वायरमनसारख्या काही ट्रेडना दहावी नापास मुलांनाही प्रवेश मिळतो, आणि पूर्वी गावात ज्याचं पुढे काही जमलं नाही तोच तिकडे जायचा. शिवाय हाताला काळं लागणाऱ्या कामाला आपल्या समाजात खालचं मानायची जुनी खोड आहे, आणि त्यामागे जात आहे हे लपवण्यात अर्थ नाही. लग्नाच्या बाजारात ‘आयटीआयवाला’ म्हटल्यावर लोक अजून नाक मुरडतात. हा त्रास तुमच्या मुलाला होऊ शकतो, आणि तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण आजोबांना एवढं सांगा की १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर त्याआधी मुंबईत व्हीजेटीआय या तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत यंत्रांचं ड्रॉइंग शिकवायचे. ड्रॉइंग आणि लोखंड या दोन्हींत हात असलेल्या माणसाला या भागात मान मिळालेला आहे, तो त्यांच्या पिढीने पाहिलाही असेल.

मामांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. मुलाला फिजिक्समध्ये गोडी असेल, ‘हे असं का होतं’ विचारत तो तासन् तास वही घेऊन बसत असेल, तर त्याला सायन्सला घाला. डिझाइन, संशोधन, इलेक्ट्रॉनिक्स, या वाटा कॉलेजातूनच जातात. पण नुसतं ‘इंजिनियर’ म्हणवून घेण्यासाठी, मिळेल त्या कॉलेजात, कर्ज काढून चार वर्षं घालवायची असतील तर मी विरोध करेन. माझ्याकडे कामाला विचारायला येणाऱ्यांत बीई झालेली मुलं असतात. व्हर्नियर हातात दिला तर रीडिंग घेता येत नाही, आणि वर ‘शॉपफ्लोअर नको’ अशी अट असते. त्यात त्यांचा दोष थोडा, त्यांना तसं शिकवणाऱ्यांचा जास्त. शेवटी तीच मुलं सीएनसीचा (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनचा) तीन महिन्यांचा कोर्स करून ऑपरेटर म्हणून लागतात. आयटीआयच्या मुलाच्या बरोबरीला येतात, फक्त वयाने मोठी आणि डोक्यावर हप्ता घेऊन.

पगाराचं सरळ सांगतो. अप्रेंटिसशिपमध्ये पगार नसतो, विद्यावेतन असतं. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, आणि २०१९ च्या नियमांत आयटीआय पास मुलाला महिना किमान ७,००० रुपये ठरवले होते. चांगल्या कंपन्या यापेक्षा जास्त देतात आणि जेवण-बसही देतात. त्यानंतर ठेकेदारामार्फत सीएनसी ऑपरेटर म्हणून लागला तर आमच्या भागात १५ ते १८ हजारांच्या आसपास सुरुवात होते, ओव्हरटाइम वेगळा. पाच-सहा वर्षांनी जो स्वतः सेटिंग करतो (नव्या जॉबसाठी मशीन लावतो), प्रोग्राम वाचतो आणि दुरुस्त करतो, तो ३० हजारांच्या पुढे जातो. डाय-मोल्डमधला हुशार माणूस त्याहून पुढे. पण मी वर म्हटलं तो बटणवाला ऑपरेटर तितक्याच वर्षांनी २० हजारांच्या आसपासच घुटमळतो. दोघांतला फरक वर्षांनी पडत नाही, कुणी काय शिकलं त्याने पडतो.

इथे ठेकेदारीबद्दल सविस्तर लिहितो, कारण आईबापांना हे कुणी सांगत नाही. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की कामगाराला कायम करण्याचा प्रश्न उभा राहतो. तो उभाच राहू नये म्हणून सात महिने झाले की ‘ब्रेक’ देतात. मुलगा घरी येतो, महिना-दोन महिने बसतो, मग दुसऱ्या ठेकेदाराकडून दुसऱ्या कंपनीत. प्रत्येक ठिकाणी नवीन मशीन, नवीन माणसं, आणि सात महिन्यांसाठी आलेल्या पोराला कोण कशाला सेटिंग शिकवेल? अशी चार-पाच वर्षं गेली की त्याच्याकडे पाच कंपन्यांची ओळखपत्रं असतात आणि हातात कुठलंच काम पक्कं नसतं. माझ्या मते चाकण पट्ट्यात हुशार मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान याने होतं.

म्हणून आयटीआय झाल्यावर ‘ट्रेनी’ म्हणून कुठेही चिकटवू नका. खरी अप्रेंटिसशिप घ्या. ओळखायची कशी? केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर मुलाची आणि कंपनीची नोंद होते, करार ऑनलाइन होतो आणि त्याचा नंबर मिळतो. मशिनिस्टसारख्या ट्रेडला आयटीआयनंतर साधारण वर्षभराची मुदत असते, शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट होते आणि पास झालं की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र, ज्याला आम्ही एनएसी म्हणतो, ते मिळतं. करार नंबर नाही आणि नुसतं ठेकेदाराचं पत्र आहे, तर ती अप्रेंटिसशिप नाही, नाव काहीही देवोत. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला लाजायचं कारण नाही. जागा शोधताना नुसतं चाकणकडे बघू नका. ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, माझगाव डॉक, मुंबईचं नेव्हल डॉकयार्ड, रेल्वेची परळ-माटुंग्याची वर्कशॉप, खडकी-अंबरनाथच्या आयुध निर्माणी, इथे जाहिराती येत असतात. तिथे जुनी मशीनं आहेत, जुने लोक आहेत आणि शिकवायची रीत अजून टिकून आहे. आयटीआयचे मार्क बघून किंवा परीक्षा घेऊन निवड होते, म्हणून आयटीआयचे थिअरीचे पेपरही मन लावून लिहायला सांगा. जिथे कामाला धोकादायक मानलंय तिथे १८ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा वयाचा हिशेब आधी मांडा.

मुलाखतीला गेल्यावर मुलाने दोन प्रश्न नक्की विचारावेत: इथे सेटिंग कोण करतं आणि ऑफसेट कोण बदलतं? टूल झिजलं की माप सरकतं, ते मशीनमध्ये आकडा देऊन परत जागेवर आणतात, त्याला ऑफसेट म्हणतात. ‘ऑपरेटरच करतो, सेटर शिकवतो’ असं उत्तर आलं तर पगार कमी असला तरी तिथे राहावं. ‘तुला हात लावायचा नाही, सेटरला बोलवायचं’ असं असेल तर ती शिकण्याची जागा नाही. आणि जमलं तर प्रॉडक्शनपेक्षा टूलरूम किंवा मेंटेनन्स मागून घ्यावं. प्रॉडक्शनला एकच पार्ट दिवसाला शेकड्यांनी निघतो. टूलरूमला रोज नवीन ड्रॉइंग येतं. इलेक्ट्रिक गाड्यांमुळे इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे पार्ट करणाऱ्या वेंडर लोकांना पुढची चिंता लागली आहे, पण गाडी कसलीही असो, तिच्या पत्र्याला डाय लागते, प्लॅस्टिकला मोल्ड लागतो आणि असेंब्लीला फिक्श्चर (पार्ट जागेवर धरून ठेवणारा साचा) लागतं.

शरीराचं लपवत नाही. आठ तास, ओव्हरटाइम धरला तर बारा, उभं राहायचं. रात्रपाळी असते. कूलंटने हातांना पुरळ येतं, आवाजाने कान जातात. फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत, हे त्याला पहिल्या दिवशी सांगतील. ते त्याने कधीच मोडायचं नाही, कारण मोजा आधी अडकतो आणि मागोमाग हात जातो. लागल्या दिवसापासून ईएसआय (कामगार विमा) आणि पीएफ कापतायत का ते स्लिपवर तुम्ही स्वतः बघा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो, आणि बोट गेलं त्या दिवशी त्याची किंमत कळते. पंचेचाळिशीनंतर मशीनवर उभं राहणं अवघड जातं. म्हणून चाळिशीपर्यंत सेटर, प्रोग्रामर, तपासणी विभाग, इन्स्ट्रक्टर किंवा स्वतःचं वर्कशॉप, यांपैकी कुठेतरी सरकायला हवं.

त्यातून तुमचा तिसरा प्रश्न येतो, रस्ता बंद होतो का. होत नाही. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झाल्यावर इंजिनियरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षताही मिळवता येते, ती जरूर मिळवून ठेवा, कारण काही सरकारी जाहिरातींत बारावी मागतात. इन्स्ट्रक्टर व्हायचं असेल तर सीआयटीएस नावाचा वर्षाचा कोर्स आहे, मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत होतो.

कंपनीत कामगार आणि स्टाफ अशा दोन वेगळ्या रांगा असतात. आयटीआयवाला कामगारात लागतो, डिप्लोमावाला स्टाफमध्ये, आणि एका रांगेतून दुसरीत जाणं फार कमी जणांना जमतं. त्यामुळे माझा सल्ला असा: आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, आणि तेव्हाही अभ्यासाची हौस असेल तर डिप्लोमाचं दुसरं वर्ष. दहावीनंतर थेट डिप्लोमा करणाऱ्यापेक्षा दोन वर्षं जास्त जातात. पण त्याचा हात आणि वही दोन्ही चालतात, आणि असा सुपरवायझर मिळाला तर मालक सोडत नाही. मधली एक वाटही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा असतो, प्रवेश परीक्षा घेऊन. फी सरकारी आयटीआयपेक्षा बरीच जास्त आहे, पण ७४ टक्क्यांच्या आणि गणित आवडणाऱ्या मुलाने ती परीक्षा द्यायला हवी.

परदेशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मामा काढतीलच. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गल्लोगल्ली एजंट उभे राहिलेत. तिथे जर्मन भाषा यावी लागते आणि आपलं प्रशिक्षण तिथल्या पात्रतेशी ताडून मान्यता घ्यावी लागते. यांतलं काहीही एजंटला पैसे देऊन टळत नाही. आत्ता त्या नादाला लागू नका. अनुभव गाठीला आल्यावर बघता येईल.

आता खासगी की सरकारी. राज्यात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत, फी नाममात्र आहे आणि ७४ टक्क्यांना बऱ्याच ठिकाणी नंबर लागतो. त्यामुळे आधी सरकारी, मग ते घरापासून तीस किलोमीटर असलं तरी. पण डोळे मिटून तेही नको. कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, मुलाला घेऊन त्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन या. ऑफिसात बसू नका, आत जायची परवानगी मागा. लेथच्या खालच्या ट्रेमध्ये ताजा लोखंडाचा कीस पडलाय का बघा. ट्रे स्वच्छ आणि मशीनवर गंजाचा थर, तर तिथे मशीन चालत नाही. वीस मुलांच्या तुकडीत किती मशीनं खरोखर चालू आहेत ते मोजा. मुलांच्या हातात जॉब आहेत का, का सगळी बाहेर कट्ट्यावर आहेत? एखाद्या मुलाला हळूच विचारा, ‘या वर्षी काय काय बनवलंस?’ त्याने चौकोनी ब्लॉक, व्ही-ब्लॉक, थ्रेडिंग असं काही धडाधडा सांगितलं तर समजा निदेशक शिकवतात. खासगी आयटीआयमध्ये हे सगळं चांगलं दिसलं तर तिथेही घालायला हरकत नाही, मात्र मशिनिस्ट ट्रेडला केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची (डीजीटी; पूर्वी एनसीव्हीटी म्हणायचे) संलग्नता आहे का ते कागदावर बघा. नुसत्या संस्थेच्या सर्टिफिकेटवर एचएएल किंवा रेल्वे उभं करत नाही.

फॉर्म राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. पसंतीक्रम भरताना घाई करू नका. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली आणि घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांना मुकावं लागतं. तेव्हा जिथे जाऊन वर्कशॉप बघून आलात तेच वर लिहा. मशिनिस्ट मिळाला नाही तर त्याखाली टूल अँड डाय मेकर, मग टर्नर, मग फिटर असा क्रम ठेवा. आणि निकाल लागेपर्यंत पॉलिटेक्निकचा फॉर्मही भरून ठेवा, ती प्रक्रिया वेगळी चालते आणि एकामुळे दुसरी अडत नाही.